मुलगा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात जायचं म्हणतो

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा यंदा आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेड पास झाला. पुण्यातल्या एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गॅरेजात नुसत्या राहण्या-जेवणावर काम शिकायला जायचा त्याने हट्ट धरलाय. काका म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, गिअरबॉक्सच संपणार; डिप्लोमा करू दे. ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

काकांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एकच रिडक्शन गिअर असतो. ना क्लच पॅक (गिअर धरणाऱ्या क्लच प्लेटांचा गठ्ठा), ना व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हवा तिथे वळवणारा भाग). पण २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी (गिअर आपोआप बदलणारी) आली आणि आपल्याकडे छोट्या गाड्याही क्लच पेडलशिवायच्या झाल्या. मग सीव्हीटी (पट्टा-पुलीवर चालणारा), डीसीटी (दोन क्लचचा) अशा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्या वाढल्या. यातल्या कितीतरी गाड्या आता वॉरंटीबाहेर आहेत. त्यामुळे कामाला तोटा नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. या धंद्यात पैसा खोलाखोलीत नाही, निदानात आहे. गाडी झटके देते म्हणून गिअरबॉक्स उतरवला आणि दोष निघाला खराब अर्थिंगचा, तर मजुरी कुणाकडून घेणार? जाणता मिस्त्री स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावतो, पण त्यावरचा बिघाडाचा कोड वाचून थांबत नाही. गाडी चालवून लाइव्ह डेटा बघतो. कंपनीने दिलेल्या तापमानालाच तेलाची पातळी तपासतो. तेलाला जळका वास आणि गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पॅनमध्ये काळा गाळ असेल, तर क्लच प्लेटा गेल्याचा संशय. पॅनमधल्या मॅग्नेटवर राखाडी लेप थोडा असतोच. चमचमता चुरा दिसला की मात्र बॉक्स खोलावा लागतो.

खोलल्यावरचं काम तर कानानेही शिकायचं असतं. क्लच पॅकमधली फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजायची, मग तेलाच्या वाटेने कॉम्प्रेसरची हवा सोडायची. पिस्टन ‘ठप्प’ वाजला तर ठीक. नुसतीच फुसफुस आली तर सील गळतंय, परत उघडा. हे वर्गात बसून येत नाही. इथे तुमच्या मुलाचं बरोबर आहे.

तरी मी त्याला आधी एक वर्ष कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये रीतसर अप्रेंटिसशिप करायला लावीन. स्टायपेंड मिळतो. तिथे बहुतेकदा अख्खी असेंब्लीच बदलतात, रिबिल्ड, म्हणजे खोलून दुरुस्त करून परत भरणं, क्वचित दिसेल. पण वायरिंग, स्कॅनर आणि इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअल यांची भीती जाते. एएमटीवर हात बसवायलाही ही जागा चांगली, कारण तो मुळात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, वर क्लच-गिअर आपोआप हलवणारा अ‍ॅक्चुएटर बसवलेला. डिप्लोमाचं दार बंद होत नाही: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

नंतर पुण्याला जाऊ दे, पण आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन या. मालक गिअरबॉक्स तिथेच खोलून भरतो, की भंगारातून आणलेला जुना बसवून देतो? दुसरं असेल तर मुलगा फक्त जॅक लावायला शिकेल. स्कॅनर त्याच्या हातात कधी देणार, आणि बिनपगारी किती महिने, हेही तोंडावर विचारा. सहा महिन्यांच्या पुढे मी तरी मान्य करणार नाही. आणि ‘मूळ सर्टिफिकेटं इथे ठेवून जा’ म्हणाला, तर चहासुद्धा न घेता परत या.