रिबिल्ट केलेली जुनी रेसिंग कार अस्सल मानायची का?

तुमचा प्रश्न असा, की एक जुनी स्पोर्ट्स कार बघितलीय, इंजिन दुसरं आहे, चॅसिसचंही (खालच्या सांगाड्याचंही) काम झालंय, विकणारा अस्सल म्हणतो, मित्र डुप्लिकेट म्हणतात. गाडीची हकीकत पहिल्या मालकापासून सलग लागत असेल तर ती अस्सलच. जुनं लोखंड किती उरलं हे मोजत बसणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही.

याचा निकाल 1990 सालीच लंडनच्या हायकोर्टात लागलाय. गाडी होती बेंटलीची 'ओल्ड नंबर वन', साडेसहा लिटर इंजिनाचं 'स्पीड सिक्स' मॉडेल. फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत तिनं लागोपाठ दोनदा मारली: 1929 ला वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन, 1930 ला बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. दर शर्यतीला तिचं काही ना काही बदलत गेलं. 1932 मध्ये आठ लिटरचं इंजिन बसवून ती इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर 500 मैलांच्या शर्यतीत उतरली आणि वळणावरच्या तिरप्या ट्रॅकच्या वरच्या कडेवरून बाहेर गेली. चालवणारा क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. बार्नाटोनं तिच्यावर बंद टपाची कूपे बॉडी चढवली. पुढं कित्येक वर्षांनी तिला परत शर्यतीचं रूप दिलं गेलं.

मालक एड हबर्ड यांनी ती मिडलब्रिज कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचं ठरवलं. कंपनी मागे सरली, कारण ही ती गाडीच नव्हे म्हणे. कोर्टात एकेक भाग मोजला गेला. 1929 च्या गाडीचं नक्की म्हणून सांगता येईल असं जवळपास काहीच उरलं नव्हतं. 1930 च्या गाडीचे गिअरबॉक्सचं केसिंग, स्टिअरिंग कॉलम, पेडलचा शाफ्ट एवढेच. फ्रेम, ॲक्सल, इंजिन सगळं 1932 च्या बांधणीतलं. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी हबर्डच्या बाजूनं निकाल दिला. ही गाडी मध्ये कधी नाहीशी झाली नाही, हळूहळू बदलत आली, आणि 'ओल्ड नंबर वन मी' असं म्हणणारी दुसरी गाडी जगात नाही. 1929 ची जशीच्या तशी म्हणता येणार नाही, पण अस्सल ओल्ड नंबर वन हीच.

आमच्याकडे हा वाद घरातच झाला. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर. ऐंशीच्या दशकात एका बागायतदारांची एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार त्यांच्याकडे आली, गोठ्यात उभी राहून कुजलेली. पत्र्याखालचा ॲश लाकडाचा सांगाडा वाळवीनं खाल्लेला. आबांनी तो सुताराकडून सागवानात करून घेतला. इंजिनाचे बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळ्या, झिजून संपले होते, आत स्लीव्ह (नवं अस्तर) घालून घेतले. त्या इंजिनाच्या बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्याला बसतं आणि आटे मात्र मेट्रिक, तेही सरळ बाजारात न मिळणारे. आबांनी लेथवर एकेक बोल्ट काढला. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पोत्यात, आणि काय का बदललं याची तारखेवार नोंद वहीत.

गाडी विकायची वेळ आली तेव्हा पुण्याहून एक दलाल आला. सागवान बघून म्हणाला, "ही रेप्लिका आहे, नक्कल," आणि निम्म्यावर भाव आणला. माझा थोरला चुलतभाऊ तिथंच होता. तोही त्याची री ओढत म्हणाला, "काका, निम्मं लोखंड नवं घातल्यावर जुनी गाडी राहिली कुठं?" आबांनी वही पुढं केली, पोतं ओतून दाखवलं. दोघांनीही त्याकडं नीट बघितलं नाही. बागायतदारांनी मात्र सौदाच मोडला.

दादा अजून तेच म्हणतो. त्याला माझा एकच सवाल आहे. बेंटलीनं अलीकडं जुन्या नकाशांवरून 12 नव्या 'ब्लोअर' बनवल्या, ही त्यांची 1929 ची सुपरचार्जरवाली शर्यतीची गाडी. स्क्रूपर्यंत जवळपास सगळं 1929 सारखं. त्यांना कुणी जुनी गाडी म्हणतं का? कंपनीही म्हणत नाही. हुबेहूब असून त्या नव्या, आणि जुनं लोखंड नावाला उरलेली ओल्ड नंबर वन अस्सल, कारण तिच्यामागं 1929 पासूनचा न तुटलेला माग आहे. त्यात शर्यतीची गाडी म्हणजे मोडणार आणि दुरुस्त होणार. 1929 चं इंजिन, 1929 चा पत्रा, सगळं जसंच्या तसं असलेली रेसिंग कार कुणी दाखवली तर मी आधी विचारीन, ही धावली कधी?

तेव्हा विकणाऱ्याकडं मागायचं ते हे: मालकांची साखळी, बिलं, प्रत्येक बांधणीच्या वेळचे फोटो आणि काढलेले भाग. वही नसेल तर भाव पाडा. त्याच चॅसिस नंबरची दुसरी गाडी कुठं आहे का, हेही तपासा. ती निघाली तर माझं वरचं सगळं गैरलागू.

आणि हो, ऑटनसाहेबांचा निकाल आपल्या आरटीओला लागू नाही. 2021 च्या नियमात 50 वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. मला हे शर्यतीच्या गाड्यांवर अन्याय करणारं वाटतं, पण नियम तो नियम. तुम्ही बघितलेल्या गाडीचं इंजिनही बदललंय आणि चॅसिसचंही काम झालंय, म्हणून आधी आरटीओत कागद दाखवून या आणि मगच इसार द्या.