वाचकांचे प्रश्न : दीड मिनिट विरळ हवा, मग चालायचा सराव

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३४) अडीच वर्षांपूर्वी आंब्यावरून पडला. मानेत सी-६ (मानेचा सहावा मणका) पातळीवर मज्जारज्जूला मार बसला. आता वॉकर धरून घरातल्या घरात वीस-पंचवीस पावलं टाकतो. ऑक्सिजन कमी करून व्यायाम घेतला की पायांत ताकद येते, असं वाचलं. ऑक्सिजन कमी पडला तर उलट नुकसान नाही का होणार? — एक वाचक, राजापूर

शंका रास्त आहे. इथे सगळा खेळ मात्रेचा आहे. अभ्यासांत वापरलेली हवा साधारण ९ टक्के ऑक्सिजनची (आपली नेहमीची २१ टक्के) आणि तीही एका वेळी मिनिट-दीड मिनिटच. मध्ये मिनिटभर साधी हवा, असं पंधरा वेळा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन रात्रीत शेकडो वेळा खाली जातो आणि हे महिनोन्‌महिने चालतं. त्यातून रक्तदाब वाढतो. पंधरा वेळा आणि शेकडो वेळा यांत औषध आणि विष यांच्याइतका फरक आहे.

काम कसं होतं? मानेतल्या धमनीजवळच्या कॅरॉटिड बॉडी नावाच्या बारीकशा गाठी ऑक्सिजन घसरलेला ओळखतात. त्यांच्या इशाऱ्यावर मेंदूच्या बुंध्यातून मज्जारज्जूत सेरोटोनिन हे रसायन सुटतं. त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींत बीडीएनएफ हे प्रथिन तयार होतं आणि त्यांच्यापर्यंत येणारे जोड काही तास बळकट राहतात. तुटलेले तंतू यातून जुळत नाहीत. जे शाबूत आहेत, त्यांचा आवाज मोठा होतो. म्हणून अभ्यास मुख्यतः अपूर्ण इजेवर झाले, म्हणजे मज्जारज्जूची इजा किती गंभीर ते सांगणाऱ्या ‘आशिया’ (ASIA) मोजपट्टीवरच्या श्रेणी सी आणि डी. तुमचा भाऊ पावलं टाकतो, तेव्हा तो यांतल्याच एकात असणार. श्रेणी कागदावर नसेल तर आधी ती तपासून घ्या. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी ही तपासणी होते.

आकडे सांगायचे तर, २०१२ मध्ये अमेरिकेत रँडी ट्रंबोवर आणि सहकाऱ्यांनी १३ जणांवर एकच सत्र केलं. घोट्यातून पाऊल खाली दाबण्याची ताकद सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास वाढली. २०१४ च्या १९ जणांच्या अभ्यासात पाच दिवस सत्र आणि चालणं दोन्ही दिल्यावर सहा मिनिटांत कापलेल्या अंतरात सुमारे १०० मीटरची भर पडली. आठवड्यानेही ती पुसली गेली नव्हती. गट लहान आहेत, हे विसरू नका. कुणी हा उपचार पॅकेज म्हणून विकत असेल तर तिथून उठा.

प्रश्न : सत्रात नेमकं काय करतात? — एक वाचक, सोलापूर

आधी लघवी करून किंवा कॅथेटर लावून मूत्राशय रिकामं करतात. खुर्चीत ताठ बसवून नाका-तोंडावर पट्ट्यांचा मास्क लावतात. मास्कची नळी हवेतला ऑक्सिजन कमी करणाऱ्या यंत्राला जोडलेली असते. ९० सेकंद ती हवा, ६० सेकंद साधी, असं १५ वेळा. एकूण पाऊणेक तासाच्या आत आटपतं. मग ३० मिनिटं चालणं.

बिघडतं ते बहुधा मास्कपाशी. दाढीमुळे किंवा गालाजवळच्या फटीतून खोलीतली हवा आत येते, ऑक्सिमीटर ९५ च्या खाली सरकतच नाही आणि मात्रा वाया जाते. दुसरी गोम ऑक्सिमीटरचीच. बोटावरचा आकडा वीस-तीस सेकंद मागे असतो, म्हणून मास्क काढल्यावरही तो उतरताना दिसतो. नवखा माणूस तिथे घाबरतो. मानेच्या इजेत बोटं गार असतील तर कानाच्या पाळीवर क्लिप लावलेली बरी.

टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्यावरची इजा असेल तर रक्तदाब सत्रभर मोजत राहायला हवा. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला आणि वरचा दाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, तर ती ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इजेखालच्या त्रासामुळे रक्तदाब बेफाम चढणं. मास्क काढा, ताठ बसवा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटरला पीळ पडलाय का बघा. दाब उतरला नाही तर थेट इस्पितळ.

आणि व्यायाम तोच, जो सुधारायचाय. चालणं हवं असेल तर चालायचं, हात उघडायचा असेल तर हात. त्या काही तासांच्या मुदतीत मालिश करून घेत पडून राहिलात तर सत्राचा उपयोग काय?

प्रश्न : मग घरी कुंभक केला किंवा रुग्णाला महिनाभर लेहला नेलं तर? — एक वाचक, नाशिक

कुंभकात ऑक्सिजनसोबत कार्बन डायऑक्साइडही साठतो. सत्रात मात्र माणूस श्वास घेतच असतो, त्यामुळे तो साठत नाही. शिवाय छातीचे स्नायू दुबळे असताना श्वास रोखणं धोक्याचं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, आणि ९ टक्के ऑक्सिजनची हवा म्हणजे ६,००० मीटरच्या आसपासची उंची. पण मुद्दा उंचीचा नाही, चालू-बंद होण्याचा आहे. डोंगरावर विरळ हवा रात्रंदिवस असते. घरातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तर नेमकं उलटं काम करतो. आणि प्लास्टिकची पिशवी, जुगाडाचा मास्क असलं काही चुकूनही नको. ऑक्सिजन संपताना माणसाला गुदमरल्यासारखं वाटेलच असं नाही, तो सरळ बेशुद्ध पडतो.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, मानेची इजा. जोरात घोरतात. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) चालू आहे, ते आधी थांबवावं का? — एक वाचक, ठाणे

बॅक्लोफेन एकदम बंद करू नका. झटके, तीव्र ताप, भ्रम असं काहीही होऊ शकतं. गोळीच्या वेळेत बदल करायचा तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच. घोरण्याचं मात्र मनावर घ्या. मानेच्या इजेनंतर झोपेत श्वास अडकणं बऱ्याच जणांत आढळतं, तेव्हा झोपेची तपासणी आधी, बाकीचं नंतर.