नागपुरात मन लागत नाही, परत जाऊ का?

"नोकरी चांगली आहे, घर चांगलं आहे, कोणी त्रास देत नाही. तरी मन लागत नाही. परत जाऊ का?" मिहान हा विमानतळाजवळचा उद्योग-प्रकल्प, एम्स, आयआयएम यांच्यामुळे गेल्या काही वर्षांत बाहेरगावची बरीच तरुण मंडळी नागपुरात राहायला आली आणि हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वारंवार येऊ लागला. अनेकांना तो विचारायचाही संकोच वाटतो. वाईट म्हणावं असं काही घडलेलंच नसतं, मग तक्रार कशाची करायची? त्यांच्यातल्या एकीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मूळची सांगलीची, वय २८. पुण्यात शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि मार्चमध्ये मिहानमधल्या ऑफिसात बदली झाली. मनीषनगरात भाड्याचा फ्लॅट घेतला. टीममधले निम्मे लोक घरून काम करणारे. पोळा होऊन गेल्यावर ती माझ्याकडे आली. "मॅडम, नागपूरचे लोक वाईट नाहीत हो. पण त्यांचे शाळेपासूनचे मित्र आहेत, नातेवाईक आहेत. त्यांना माझी काय गरज?" हे बोलताना तिचे डोळे भरून आले. अहो-जाहो नको, 'तू'च म्हणा, असंही तिनेच सांगितलं.

पहिल्या भेटीत मी सल्ला देत नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष यांची चौकशी करते. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारते, आडून नाही. तिची झोप ठीक होती, काम वेळेत होत होतं, नैराश्य किती आहे ते बघणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू प्रश्नावलीत गुण सौम्य गटात आले. म्हणजे हा आजार नव्हता, गाव बदलल्यानंतरचं एकटेपण होतं. ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतं, झोप-भूक बिघडली आहे किंवा मरणाचे विचार येतात, त्यांनी मात्र पुढचं उपचार म्हणून वाचू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

तिला मी आठवड्याचा एक तक्ता आखून दिला. उभे सात रकाने, आडवे तास. प्रत्येक चौकोनात दोनच गोष्टी लिहायच्या: मी कुठे होते आणि समोरासमोर कुणाशी बोलले. फोन आणि मेसेज वेगळ्या रंगाने. पुढच्या भेटीला ती तक्ता भरून घेऊन आली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये "चला, बाय", आणि त्यानंतर थेट सोमवारी सकाळी गेटवरच्या गार्डला "गुड मॉर्निंग". मधले सगळे चौकोन दुसऱ्या रंगाचे. "मला वाटायचं मी सारखी कुणाशी तरी बोलतच असते," ती म्हणाली. बोलत होतीच, पण ते सगळं पुण्याशी आणि सांगलीशी.

मग छंदांकडे वळलो. पुण्यात ती दर रविवारी ग्रुपबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जायची. इथे सायकल गॅलरीत, चादरीखाली. दुसरा छंद नकाशांचा. त्याविषयी सांगताना पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो, हे मला तिच्याकडूनच समजलं. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. तुम्ही रस्त्यावर उभे असताना ते बारीकसारीक प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी की सिमेंटचा? इथे रात्री दिवे असतात का? हे दुकान अजून आहे का? आपण उत्तर दिलं की ते नकाशात जातं आणि उद्या त्या रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या उपयोगी पडतं.

"मग नागपूरचं काय काय भरलंस?" मी विचारलं.

काहीच नाही. ती उपग्रहाची चित्रं बघून कोथरूडच्या गल्ल्या नीट करत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या सुट्टीला जुन्या नागपुरात, महाल-इतवारीत, माणूस मावत नव्हता आणि ही घरात बसून पुण्याच्या मित्रांच्या राइडला स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलफेऱ्या नोंदवायच्या ॲपवर, शाबासकी देत होती. 'छंद जोपासा म्हणजे मन रमेल' हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. तिचे दोन्ही छंद चांगले जिवंत होते. पण त्यांची तोंडं पुण्याकडे होती, आणि तेच तिला घरात बसवून ठेवत होते.

प्रयत्न केला नव्हता असं नाही. मेच्या सुरुवातीला एका रविवारी ती इथल्या एका सायकल ग्रुपबरोबर गेली होती. ते लोक २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी करत होते. ते अंतर साडेतेरा तासांत पुरं करायचं असतं, त्यामुळे सराव कसून चालतो. ती मागे पडली, उन्हाने हैराण झाली, एकटी परत आली आणि मनाशी शिक्का मारला: इथले लोक आपल्याच धुंदीत असतात. मी म्हटलं, ज्या शहरातले डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण करून आले, तिथे तुला वेगवान माणसं भेटणारच. पण पोह्यांसाठी थांबणारे ग्रुपही याच शहरात आहेत. आणि एका सकाळवरून शहर कसं ओळखणार?

इथे मी तिला एक अभ्यास सांगितला. आकडे तिला जवळचे, म्हणून. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नुकतंच गाव बदललेल्या लोकांना त्यांच्या नव्या ओळखींविषयी विचारलं होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मैत्री म्हणावी इथवर यायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. शिवाय नुसतं एकत्र काम करण्यातले तास जवळीक फारशी वाढवत नाहीत. तिने तिथेच हिशोब केला. आठवड्याला दीड तास धरला तर ५० तास व्हायला आठ महिने. "आणि मी तर एकदाच गेले," ती म्हणाली. हे आकडे काही पंचांग नव्हेत, माणसागणिक कमी-जास्त होतील. पण 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' हे तिच्या मनातलं ओझं त्या हिशोबाने बरंच उतरलं, ते मला समोर दिसलं.

उन्हाचाही भाग होता. नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांहून जास्त आहे, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य इथे वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. त्यातून मेमध्ये पारा ४५ च्या आसपास. ती पुण्याच्या सवयीने साडेसातला निघायची, तेव्हा इथले सायकलवाले घरी पोचून कूलरसमोर बसलेले असायचे. संध्याकाळी ती सहाला बाजारात जायची आणि म्हणायची, शहरात माणसंच नाहीत. माणसं आठनंतर फुटाळा तलावावर येतात! बाहेरून आलेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. नागपूरचा उन्हाळा हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. आपलं घड्याळ शहराशी जुळवलं नाही, तर तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या गावातही माणूस दिसत नाही.

'परत जाऊ का' या प्रश्नाला आम्ही तारीख दिली. घराचा करार अकरा महिन्यांचा, तो फेब्रुवारीत संपणार. निर्णय तेव्हा, तोवर रोज त्यावर खल करायचा नाही. आणि दर रविवारी एकच फेरा, एकाच वेळी: अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स. वेग मोजायचा नाही. वाटेत नकाशाच्या प्रश्नांची उत्तरं भरायची, आणि दर वेळी निदान एक उत्तर माणसाला विचारून. ही शेवटची अट मी घातली. तिला ती अवघड वाटली, पण कुरकुर केली नाही.

एकट्या मुलीने पहाटे बाहेर पडायचं तर काही काळजी घ्यावीच लागते. तो फेरा निवडला कारण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. घरमालकीणकाकूंना फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवायचं ठरलं. काकूंना आनंद झाला, त्या तिची वाट बघू लागल्या. स्ट्राव्हावर राइडची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे, ती तिने लगेच लावून घेतली. नाहीतर आपलं घर कुठे आहे ते दर रविवारी जगाला कळतं. वर्धा रोडची रहदारी नको असेल त्या दिवशी उजाडल्यावर मेट्रो. नागपूरच्या मेट्रोत सायकल नेता येते.

पहिले काही रविवार कोरडेच गेले. ती विचारायची, लोक उत्तर द्यायचे, संपलं. मग एकदा तिची सायकल पंक्चर झाली. रस्त्याकडेला एका काकांचं पंक्चरचं दुकान होतं: एक लाकडी पेटी, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं. त्यांनी ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे आले तिथे कोपिंग पेन्सिलीने खूण केली, कानशीने घासलं. तेवढ्या वेळात हिने फोन काढला.

"कायले फोटो काढून राहिल्या जी?"

नकाशात दुकान टाकायचंय म्हटल्यावर काकांनी ट्यूब खाली ठेवली. "मंग लिहा नं, सकाळी सहाले उघडतो. सोमवारी बंद." मग त्यांनीच शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, याचंही लिहा म्हणून. चहावाल्याने समोरच्या सार्वजनिक नळाचं सांगितलं, उन्हाळ्यात त्याला पाणी कधी असतं आणि कधी नसतं तेही. नकाशात पिण्याच्या पाण्याच्या जागांची वेगळी खूण असते, ती तिने तिथेच टाकली. तासभर ती त्या चौकात होती. पुढच्या रविवारी काकांनी लांबूनच हात केला.

मला या प्रसंगात सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की ती तिथे मैत्री करायला गेली नव्हती. तिच्या हातात काम होतं, आणि ते काम त्या चौकाच्या उपयोगाचं होतं. 'लोकांत मिसळ' असं सांगितलं की एकटा माणूस आणखी आकसतो, कारण मिसळायचं म्हणजे नेमकं काय करायचं हेच त्याला ठाऊक नसतं. काम दिलं की तोंड आपोआप उघडतं. "त्यांना माझी काय गरज?" हा तिचाच प्रश्न होता. मी गेली कित्येक वर्षं बघते आहे, नव्या गावात माणूस रुजतो तो कुणाला तरी त्याची गरज पडू लागली की.

ग्रुपही तिला त्याच चौकात मिळाला. फेरा संपवून तर्री-पोहे खायला थांबणारी पाच-सहा माणसं: निवृत्त शिक्षक, एक नर्स, कॉलेजातल्या दोन मुली. त्यांना रामटेकला जायचं होतं, इथून पन्नासेक किलोमीटर. पण महामार्गाच्या रहदारीची भीती वाटत होती. हिने आतल्या रस्त्यांचा मार्ग आखला. कुठे सिमेंट, कुठे खडी, पाणी कुठे, सगळं टाकून त्याची फाइल प्रत्येकाच्या फोनमध्ये ओएसएमअँडवर भरून दिली. इंटरनेट नसलं तरी ते ॲप रस्ता दाखवतं. शिक्षककाकांना फाइल उघडायची कशी ते तीनदा शिकवावं लागलं. गडाच्या पायथ्याला पोचल्यावर त्यांनी तिला घरी जेवायचं आमंत्रण दिलं.

डिसेंबरात ती तापाने पडली आणि एका रविवारी गेली नाही. नऊच्या आत नर्सताईंचा फोन: "आली नाहीस, बरं आहे नं?" हे तिने मला सांगितलं तेव्हा आमच्या भेटी आधीच महिन्यातून एकीवर आल्या होत्या.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दिवाळीला सांगलीला जाऊन आल्यावर आठवडाभर ती पुन्हा मिटली होती. ऑफिसात अजूनही तिचं कुणाशी फारसं जमत नाही. आईच्या हातच्या जेवणाची, कृष्णेच्या घाटाची आठवण येतेच आणि ती घालवायचा प्रयत्न आम्ही केलाही नाही.

फेब्रुवारीत ठरल्याप्रमाणे प्रश्न समोर ठेवला. तिने दोन्ही बाजूंचा कागद लिहून आणला होता. पुण्याच्या बाजूला मित्र, सांगलीचं जवळ असणं आणि सिंहगड. नागपूरच्या बाजूला पहिलंच वाक्य होतं, "मेमध्ये नळांची पाहणी करायची आहे." ग्रुपने ठरवलं होतं की पहाटे पाचला निघून पाणपोया आणि नळ तपासायचे आणि नकाशात भरायचे. तिने करार आणखी अकरा महिन्यांसाठी केला आणि म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा विचार करीन. मला ते पुरेसं वाटलं, आणि आम्ही भेटी थांबवल्या.