फायरफॉक्सची बीटा आवृत्ती नेहमीच्या संगणकावर वापरून पाहणे सुरक्षित आहे का?

वापरून अवश्य पाहा, मात्र रोजच्या फायरफॉक्सला धक्का न लावता. बीटा म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत सर्वांना मिळणारीच आवृत्ती असल्यामुळे ती रोज बदलणाऱ्या ‘नाइटली’ या चाचणी आवृत्तीपेक्षा बरीच स्थिर असते. खरी काळजी घ्यायची ती प्रोफाइलची, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड आणि इतिहास ज्या फोल्डरमध्ये साठवले जातात त्याची. 2019 मध्ये आलेल्या 67व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी वेगळे प्रोफाइल ठेवतो, परंतु त्याचा लाभ मिळण्यासाठी बीटा स्वतंत्र फोल्डरमध्येच इन्स्टॉल करावी लागते. नव्या आवृत्तीने एकदा वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू गेल्यास फायरफॉक्स नवे प्रोफाइल तयार करायला सांगतो, म्हणून आधी प्रोफाइल फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. बँकेचे व्यवहार तूर्त नेहमीच्या ब्राउझरमध्येच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीटा आवृत्ती तांत्रिक माहिती आपोआप मोझिलाकडे, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेकडे, पाठवते, हेही ध्यानात असू द्या.

मराठी वाचकांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी: ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र आणि ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरे नीट उमटतात का, आणि शोधल्यावर सापडतात का. बिघाड दिसल्यास आवृत्तीचा क्रमांक, पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट यांसह बगझिलावर, म्हणजे मोझिलाच्या दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, नोंदवा. आपल्या लिपीतले दोष आपण नोंदवले नाहीत, तर ते इतरांच्या लक्षात येणे अवघड आहे.