बायको माहेरी, मुलीचा आवाजही ऐकू देत नाहीत

प्रश्न : मी चाकणला कारखान्यात कामगार आहे. सात महिन्यांपूर्वी भांडण होऊन बायको मुलीला घेऊन बार्शीला माहेरी गेली. त्या भांडणात मी एकदा हात उचलला, हे खरं आहे. आता मेहुणा म्हणतो, फ्लॅट बहिणीच्या नावावर कर, नाहीतर तुझ्यावर, आईबापावर आणि इंदूरला दिलेल्या बहिणीवरही 498 टाकतो. मुलीशी बोलू देत नाहीत म्हणून मी पैसे पाठवणं बंद केलं. रात्र रात्र झोप नाही. पुरुषाला काही कायदा आहे की नाही? पुढच्या महिन्यात मुलगी सहा वर्षांची होतेय, तिला काही पाठवलं तर चालेल का?

उत्तर : पैसे आधी सुरू करा, याच महिन्यापासून आणि बँकेतूनच. मुलीचा खर्च आणि मुलीची भेट यांची सांगड कायदा घालत नाही. ती तुम्ही घातलीत आणि समोरच्या वकिलाला आयता मुद्दा दिलात. पुढे पोटगीचा अर्ज आला, तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार लपवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता 498, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ केल्याचा गुन्हा. जुलै 2024 पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि तो अजामीनपात्र आहे. पण ‘तक्रार झाली की रात्रीतून घरातल्या सगळ्यांना उचलतात’ ही भीती आता जुनी झाली. 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही. आधी नोटीस येते. ती आली की ठरल्या दिवशी हजर राहा, पळू नका. अटकेची खरीच धास्ती वाटली, तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. इंदूरच्या बहिणीचं म्हणाल, तर नेमका प्रसंग न सांगता सगळ्या सासरच्यांची नावं गोवली, तर असा गुन्हा रद्द होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात पुन्हा बजावलं आहे. ती मागणी उच्च न्यायालयात करायची असते.

भीतीपोटी फ्लॅट मात्र लिहून देऊ नका. एकदा नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मागे घेताना नाकी नऊ येतात. मेहुण्याचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग जपा, आणि फोन बदलू नका, कारण पुरावा मूळ फोनमध्येच भक्कम असतो. तडजोड करायचीच असेल, तर न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात करा, बैठकीत पाच नातेवाईक बसवून नव्हे.

हात उचलल्याचं तुम्ही मला न विचारता लिहिलंत. तुमच्या वकिलालाही पहिल्याच भेटीत सांगा. माझ्याकडे येणारे बहुतेक पुरुष हेच लपवतात आणि उलटतपासणीत उघडे पडतात. ‘खोटी केस’ हा शब्द तोंडात ठेवून फिरू नका. तिची सगळी तक्रार खोटी नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पुरुषाला कायदा आहे का? घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा नवऱ्याला तक्रार करू देत नाही, हे खरंच. पण बाप म्हणून तुमचा हक्क पक्का आहे, आणि मी तुमच्या जागी असते तर सगळी ताकद तिथेच लावली असती. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं कायदा म्हणतो. तुमच्या मुलीने ते वय ओलांडलंय. तरीही ताब्याचा हट्ट धरू नका, भेटीचा हक्क मागा : ठरलेले रविवार, सुट्टीतले दिवस, आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल. 2020 च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे असं म्हणून व्हिडिओ कॉलचाही विचार केला आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करा, आणि मुलगी राहते तिथल्याच न्यायालयात करा. पुण्यात दावा लावलात, तर बायको तो बार्शीला नेण्याची मागणी करील, आणि त्यात वर्ष जाईल. बार्शीच्या खेपा पडतील, पण मुलगी लवकर दिसेल. अंतरिम भेटीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या.

वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीत जा. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो. बायकांनाच मिळतो असं समजून निम्मे पुरुष तिकडे फिरकतच नाहीत.

झोपेचं मी वाचलं ते वाचून सोडून दिलेलं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आजच लावा. आई-वडिलांना काळजी नको म्हणून त्यांच्यापासून लपवत असाल, तर निदान पाळीवरच्या एखाद्या सोबत्याला तरी सांगा.

वाढदिवसाला जरूर पाठवा. स्पीड पोस्टाने, मुलीच्या नावाने, आत बायकोला एकही टोमणा नको. पावती जपा. पार्सल परत आलं, तर फोडू नका. टपालखात्याच्या शेऱ्यासकट तसंच वकिलाकडे द्या.