‘मधली नमाज’ नेमकी कोणती, आणि तिची वेळ कोणती?

निपाणीच्या एका वाचकाने विचारले आहे की, कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील २३८व्या आयतीत ‘सर्व नमाजांची जपणूक करा, आणि मधल्या नमाजची’ अशा अर्थाचे जे वाक्य येते, त्यातील ‘मधली’ नमाज कोणती समजावी. शेजारच्या मुस्लिम कुटुंबाने त्यांना ‘असर’ असे उत्तर दिले. पण असर तर दुपार कलल्यावर होते, भर मध्यान्हीची नमाज जोहर आहे, मग असरला मधली का म्हणावे, ही त्यांची पहिली शंका आहे. दुसरी शंका वेळापत्रकाची आहे. त्यांनी पाहिलेल्या पत्रकात असरच्या रकान्यात दोन वेळा छापलेल्या होत्या आणि त्यांत तासाभराहून अधिक अंतर होते, तेव्हा यातली खरी कोणती, असे ते विचारतात. या दोन्ही शंकांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पहिलीचा बराचसा भाग शब्दात आहे आणि दुसरीचा जवळजवळ सगळा भाग सावलीत आहे.

मूळ अरबी शब्द ‘अस्सलातुल वुस्ता’ असा आहे. ‘सलात’ म्हणजे नमाज. अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याचे विशेषणही स्त्रीलिंगी आले आहे. ‘वुस्ता’ हे ‘औसत’ या शब्दाचे स्त्रीरूप होय. अकबरचे स्त्रीरूप कुबरा, असगरचे सुगरा आणि अहसनचे हुस्ना, त्याच चालीने औसतचे वुस्ता. कुबरा, सुगरा, हुस्ना ही मुलींची नावे आपल्या भागातही परिचित आहेत, त्यामुळे ही घडण ओळखीची वाटावी. ‘औसत’ हा शब्द तर हिंदी आणि उर्दूतून आपल्या कानावर ‘सरासरी’ या अर्थाने सतत पडतो. उर्दूतला ‘वास्ता’ही त्याच धातूतून आला आहे, कारण दोघांच्या मध्ये असते ते मध्यस्थीचे साधन.

मात्र अरबीत ‘वसत’ म्हणजे केवळ दोन टोकांमधली जागा नव्हे. त्यात समतोल, निवडक आणि उत्तम हेही अर्थ आहेत. याच दुसऱ्या अध्यायाच्या १४३व्या आयतीत श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘उम्मतन वसतन’ म्हटले आहे, आणि तिथे न्यायी, समतोल, श्रेष्ठ असा अर्थ घेतला जातो. ६८व्या अध्यायातील बागमालकांच्या कथेत त्यांच्यातला जो ‘औसत’ माणूस बोलतो, तो त्यांच्यातला अधिक विवेकी माणूस आहे. उलट पाचव्या अध्यायात मोडलेल्या शपथेचे प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घालण्यास सांगितले आहे. ते अन्न आपल्या घरच्यांना देतो त्यातले ‘औसत’ असावे, असे म्हटले असून तिथे ‘नेहमीचे, मध्यम प्रतीचे’ हा अर्थ अधिक सरळ बसतो. त्यामुळे ‘वुस्ता’चे ‘मधली’ आणि ‘सर्वांत उत्तम’ असे दोन्ही अर्थ जुन्या भाष्यकारांनी विचारात घेतले. काहींनी तर असेही मांडले की औसत–वुस्ता ही तर-तम दाखवणारी रूपे आहेत. जागेच्या मध्याला कमी-अधिकपणा नसतो, श्रेष्ठतेला असतो, म्हणून इथे दुसराच अर्थ घ्यावा. मला हा युक्तिवाद व्याकरणाच्या दृष्टीने सुंदर वाटतो, पण निर्णायक वाटत नाही, कारण मध्यभागाचा अर्थ अरबी वापरात इतका रुळलेला आहे की तो बाजूला सारता येत नाही.

मराठीत याची अडचण ‘मध्यम’ या शब्दाशी येते. उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी आपली उतरंड असल्यामुळे ‘मध्यम नमाज’ म्हटले की ती दुय्यम ठरते, आणि आयतीचा रोख नेमका उलट आहे. ‘मध्यान्हीची नमाज’ असा अनुवाद केला तर ती थेट जोहर होते, म्हणजे ज्या प्रश्नावर विद्वान शतकानुशतके चर्चा करत आले तो अनुवादकाने एका शब्दात परस्पर निकालात काढला असे होईल. म्हणून ‘मधली’ हाच शब्द योग्य आहे, जरी त्यात ‘उत्तम’ची छटा उतरत नसली तरी.

आता ‘सर्व नमाजांची, आणि मधल्या नमाजची’ या रचनेकडे पाहू. सर्वांमध्ये मधली आलीच, मग ‘आणि’ कशाला, असे कोणाला वाटेल. पण मराठीतही आपण ‘पोरांकडे लक्ष ठेवा, आणि धाकट्याकडे’ असे म्हणतोच. तिथे धाकटा पोरांपैकीच असतो आणि ‘आणि’ने त्याच्यावर भर येतो. अरबीतही सामान्यानंतर विशेषाचा उल्लेख करण्याची हीच रीत आहे.

आता मूळ प्रश्न असा की मधली म्हणजे कुठून कुठवर मोजल्यावर मधली. फजर, जोहर, असर, सूर्यास्तानंतरची मगरीब आणि रात्रीची इशा या पाच नमाजा दिवसरात्रीच्या चक्रात बसलेल्या आहेत, आणि चक्राचा मध्य कुठून मोजायला सुरुवात केली यावर ठरतो. पहाटेच्या फजरपासून मोजले तर तिसरी असर येते. पण इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्या भागातल्या दखनी बोलण्यात गुरुवारला ‘जुमेरात’ म्हणतात, म्हणजे जुम्म्याची रात्र. शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते, हे त्या एका नावातच आहे. या हिशेबाने मगरीब पहिली, इशा दुसरी आणि फजर तिसरी, म्हणजे मधली. परंपरेनुसार देवदूत जिब्रीलने पैगंबरांना नमाजच्या वेळा शिकवताना जोहरपासून आरंभ केला, म्हणून जोहरला ‘पहिली’ असेही म्हटले गेले. ती पहिली धरली तर मगरीब मधली ठरते. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून आणि घड्याळाचा मध्यरात्रीपासून मोजण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे लवकर पटावे. केवळ मोजणीवर विसंबले तर या पाचांपैकी जवळजवळ प्रत्येकीला मधली ठरवता येते, आणि प्रत्यक्षात तसे झालेही.

जोहरचा पक्ष पैगंबरांचे लेखनिक जैद बिन साबित यांच्या नावावर आहे. भर उन्हात होणारी ही नमाज सहचरांना सर्वांत जड जात असे, आणि तिच्या आधी दोन व नंतर दोन नमाजा आहेत, असे त्यांचे म्हणणे सांगितले जाते. फजरचा पक्ष इमाम मालिक आणि इमाम शाफी यांचा, ज्यांच्या नावाने मालिकी आणि शाफी हे धर्मशास्त्राचे पंथ ओळखले जातात. आयतीच्या शेवटी ‘अल्लाहसमोर कानितीन होऊन उभे राहा’ असे म्हटले आहे, आणि ‘कुनूत’ नावाची प्रार्थना फजरशी जोडलेली असल्याने शाफी यांनी तिकडे कल दिला. ‘कानितीन’चा अर्थ नम्र, आज्ञाधारक असाही होतो, आणि पैगंबरांचे सहचर जैद बिन अरकम यांच्या कथनाप्रमाणे नमाजमध्ये आपसांत बोलणे या आयतीमुळे बंद झाले, म्हणजे तिथे शांत राहणे हा अर्थ आहे. मगरीबच्या बाजूने असे सांगितले गेले की दोन आणि चार रकातींच्या (रकात म्हणजे उभे राहणे, वाकणे व माथा टेकणे यांचे एक आवर्तन) नमाजांमध्ये तीन रकातींची तीच एक मधली आहे. इशाच्या बाजूने असे की ती मगरीब आणि फजर या प्रवासातही न घटणाऱ्या दोन नमाजांच्या मध्ये येते. पाचही मिळून मधली, शुक्रवारची जुम्म्याची नमाज मधली, किंवा रमजानमधल्या कद्रच्या रात्रीप्रमाणे ती मुद्दाम गुप्त ठेवलेली आहे, अशीही मते आहेत.

इतक्या मतांमध्ये असरचे पारडे जड झाले ते शब्दामुळे नव्हे, तर हदीसमुळे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरागत कथनामुळे. हिजरी सन ५, म्हणजे इसवी सन ६२७ मध्ये मदिनेला वेढा पडला होता आणि शहराच्या रक्षणासाठी खंदक खणला होता. त्या धुमश्चक्रीत असरची वेळ निघून गेली आणि सूर्य मावळला. त्या प्रसंगी पैगंबरांनी ‘यांनी आम्हाला मधल्या नमाजपासून, असरच्या नमाजपासून, रोखले’ असे उद्गार काढल्याचे हजरत अली यांचे कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन सर्वाधिक प्रमाण मानल्या जाणाऱ्या संग्रहांच्या परंपरेतून आले आहे. मधली म्हणजे असर, हे समीकरण इथे उघडपणे मांडलेले दिसते, आणि बहुसंख्य विद्वानांनी तेच स्वीकारले. विशेष म्हणजे शाफी परंपरेतल्या मावर्दी आणि नववी यांसारख्या पुढच्या विद्वानांनीही असरच मान्य केली. हदीस प्रमाण ठरली की तेच माझे मत, असे खुद्द इमाम शाफींचे धोरण असल्याने त्यांच्या मूळ मतापासून दूर जाण्यात त्यांना अडचण वाटली नाही.

तरीही एक गाठ राहते, आणि मला या चर्चेतला तो सर्वांत रसाळ भाग वाटतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी आपल्या अबू युनूस नावाच्या लेखकाकडून कुरआनची प्रत लिहून घेताना या ठिकाणी ‘मधली नमाज आणि असरची नमाज’ असे लिहायला सांगितले, अशी नोंद आहे. हा ‘आणि’ दोन वेगळ्या गोष्टी जोडणारा मानला, तर मधली नमाज असरहून वेगळी ठरते. तो स्पष्टीकरणाचा मानला, म्हणजे ‘मधली, अर्थात असर’ असा घेतला, तर ती तीच ठरते. शिवाय सहचर बरा बिन आझिब यांच्या कथनानुसार ही आयत आधी ‘असरची नमाज’ या शब्दांत होती आणि नंतर तिची जागा ‘मधली नमाज’ या शब्दांनी घेतली. यावरूनही दोन्ही पक्षांना आपापला अर्थ काढता येतो. असर आणि मधली एकच म्हणून शब्द बदलला, असे एक बाजू म्हणते. असर नव्हे म्हणूनच बदलला, असे दुसरी. खंदकाच्या प्रसंगाचे कथन समोर असताना पहिली बाजू मला अधिक सबळ वाटते. निपाणीच्या शेजाऱ्यांचे उत्तर म्हणूनच बरोबर आहे, आणि बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या पट्ट्यात कोणालाही विचारले तरी बहुधा तेच मिळेल.

जाता जाता या नावाविषयी. मराठीत ‘असर’ म्हणजे परिणाम, आणि नमाजचे नावही आपण ‘असर’ असेच लिहितो, पण अरबीत हे दोन निरनिराळे शब्द आहेत. परिणामाचा ‘असर’ मागे राहिलेली खूण या अर्थाच्या शब्दातून आला आहे. नमाजचे नाव ‘अस्र’ आहे. त्याचा अर्थ काळ आणि दिवसाचा उतरता भाग असा होतो, आणि कुरआनचा १०३वा अध्याय याच नावाचा आहे.

वेळेची शंका याहून सोपी आहे. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर सुरू होते. त्या क्षणी वस्तूची जी काही सावली असेल तिला उर्दू ग्रंथांत ‘साया-ए-असली’, म्हणजे मूळ सावली, म्हणतात. ही मूळ सावली वजा करून उरलेली सावली वस्तूच्या उंचीइतकी झाली की असर सुरू होते, असे शाफी, मालिकी आणि हंबली पंथ मानतात. इमाम अबू हनीफा यांचे दोन प्रमुख शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद यांचेही मत तसेच आहे. स्वतः अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मतानुसार मात्र ती सावली उंचीच्या दुप्पट व्हावी लागते. दख्खनच्या पठारावरचे बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या परंपरेचे, तर घाटाखाली कोकणातून कारवार-भटकळपर्यंतच्या किनाऱ्यावर शाफी परंपरा प्रबळ आहे. बेळगाव या दोन्हींच्या सांध्यावर असल्यामुळे एकाच पत्रकात दोन्ही वेळा छापल्या जातात. दोन्ही आपापल्या परंपरेत खऱ्याच आहेत.

बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि मूळ सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या दिवसांत मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. सावली उंचीइतकी व्हायला साधारण तीन वाजून पस्तीस मिनिटे होतात, आणि दुप्पट व्हायला पाच वाजायला थोडा अवकाश उरतो. हे अंतर जवळजवळ सव्वा तासाचे आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेच पाऊण तासावर येते, म्हणजे सुमारे पावणेचार आणि साडेचार. अथणीकडे हे सारे दोनेक मिनिटे आधी होते, कारण ते गाव थोडे पूर्वेला आहे.

दुप्पट सावलीच्या मतासाठी हनफी बाजूने एक हदीस पुढे केली जाते. तीत मजुरांच्या तीन तुकड्यांचा दृष्टांत आहे. पहिली दुपारपर्यंत राबते, दुसरी दुपारपासून असरपर्यंत आणि तिसरी असरपासून सूर्यास्तापर्यंत, पण मजुरी तिसरीला दुप्पट मिळते. आम्ही काम जास्त केले आणि मजुरी कमी, अशी आधीच्यांची तक्रार असते. ती खरी ठरायची तर जोहर ते असर हा काळ असर ते मगरीबहून मोठा असला पाहिजे. बेळगावच्या मे महिन्यात एका सावलीच्या हिशेबाने पाहिले, तर जोहर ते असर सुमारे तीन तास सात मिनिटे आणि असर ते सूर्यास्त सव्वातीन तास भरतात, म्हणजे दुसरा भागच किंचित मोठा होतो. दोन सावल्या धरल्या की पहिला भाग स्पष्टपणे मोठा होतो. डिसेंबरमध्ये मात्र एका सावलीनेही पहिलाच भाग मोठा ठरतो, त्यामुळे या दाखल्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

असरची वेळ सूर्यास्तापर्यंत असते, तरी सूर्य पिवळा पडेपर्यंत ती लांबवणे अनुचित मानले आहे. सूर्यास्तापूर्वी एक रकात जरी मिळाली तरी असर मिळाली, असेही हदीसमध्ये आहे. पाऊण तासाचे असो की सव्वा तासाचे, दोन पंथांमधले हे अंतर असर कधी सुरू होते एवढ्यापुरतेच आहे. ‘मधली’ कोणती या प्रश्नाला ते लागत नाही. अनुवादकाने मजकुरात ‘मधली नमाज’ एवढेच ठेवावे, आणि बहुसंख्यांच्या मते ती असर होय, ही माहिती तळटीपेत द्यावी.