‘सर्व हिशेब मिळाला’ असे लिहून देऊ नये

हडपसरच्या एका भगिनी लिहितात की, त्यांचा धाकटा भाऊ वेल्डर म्हणून एजंटामार्फत कतारला गेला. एजंटाने १,१०,००० रुपये रोख घेतले. त्यासाठी पतसंस्थेत सोने तारण ठेवावे लागले. पगार १,८०० रियाल ठरला होता, पण दोह्यात उतरताच अरबी करारावर सही घेऊन तो १,२०० केला, पासपोर्ट काढून घेतला आणि आता चार महिने पगारच नाही. ‘सर्व हिशेब मिळाला’ असे लिहून दिल्यास पासपोर्ट आणि तिकीट देऊ, असे कंपनी म्हणते. सही करावी का?

ताई, भावाने ही सही करू नये. घरी परतण्याची त्याची घाई मी समजू शकतो, परंतु त्या एका कागदाने चार महिन्यांच्या मजुरीवरचा त्याचा दावा लंगडा पडेल.

पासपोर्ट कंपनीचा नाही, तो भारत सरकारची मालमत्ता आहे. कतारच्या २०१५ च्या कायद्यानुसार निवासपरवान्याचे काम झाल्यावर मालकाने तो परत द्यावा लागतो, अन्यथा २५,००० रियालपर्यंत दंड होऊ शकतो. कामगाराने स्वतः लेखी विनंती केली असेल तरच मालक तो ठेवू शकतो, आणि तेव्हाही मागताच परत करावा लागतो. पहिल्या दिवशी सह्या घेतलेल्या कागदांत अशी विनंती होती का, हे भावाला विचारावे, आणि पासपोर्टची मागणी व्हॉट्सॲपवर करायला सांगावे, म्हणजे तारीख राहील.

पासपोर्ट अडवणे आणि मजुरी थकवणे ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितलेली सक्तीच्या मजुरीची लक्षणे आहेत. स्थलांतरित कामगारांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार मात्र ना कतारने स्वीकारला आहे ना भारताने, त्यामुळे खरी भिस्त कतारच्याच कायद्यावर ठेवावी लागेल. भावाने तेथील कामगार मंत्रालयात तक्रार करावी. तडजोड न झाल्यास प्रकरण कामगार तंटा समितीकडे जाते. पगार बँकेतच जमा करणे कंपनीवर बंधनकारक असल्याने चार महिन्यांचा बँक उतारा हाच मोठा पुरावा ठरेल; सोबत टाइमशीटचे फोटो जोडावेत. दावा करार संपल्यापासून एका वर्षात करावा लागतो. तक्रारीआधी कॅम्प सोडून जाऊ नये, कारण कंपनी ‘पळून गेला’ अशी नोंद करते आणि पीडितच आरोपी ठरतो.

आपण पुण्यातून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आजच तक्रार नोंदवावी. पात्र प्रकरणांत दूतावासाच्या समाजकल्याण निधीतून तिकीट आणि कायदेशीर मदत मिळू शकते.

एजंटाचे काय? नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी नसेल तर भरती करणे हाच १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली गुन्हा आहे. नोंदणी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते. एरवी खटल्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते, पण कामगाराच्या वतीने सख्ख्या बहिणीने तक्रार केल्यास ती लागत नाही, म्हणून तक्रार आपल्याच नावाने करावी. रोख रकमेची पावती नसली तरी सोनेतारणाची पावती जपून ठेवावी. तिच्यावर तारीख आहे आणि रक्कमही.